एका हाताच्या खुणा

चुक्…

चुंबनासारखा, एवढासा आवाज.

सातलिंगाण्णांनी तो फार वर्षांपूर्वी ऐकला होता. एरवी यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. पण त्या दिवशी वीज गेली, शेडमधले सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत तेवढा एकच आवाज उरला. त्यांचे वस्ताद मल्लाप्पा धोट्याच्या, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेच्या, भोकाला ओठ लावून आतला धागा तोंडानं ओढून घेत होते.

चुक्. मग खोकला. मग पुन्हा चुक्.

मल्लाप्पा गेले, त्यांचा माग आण्णांकडं आला, धोटाही आला. आता आण्णांनाही माग सोडून बरीच वर्षं झाली होती. आवाज तेवढा कानात राहिला होता.

"आण्णा, ऐकताय ना? मी विचारलं, ती पोरं हसतात का?"

आण्णांनी मान वर केली. समोर प्रभा बसली होती. मांडीवर तक्त्यांची गुंडाळी, डोळ्यांत पाणी आणि नाकावर राग.

मागांच्या गल्लीच्या टोकाला एक लहानसा मठ आहे. मठाला स्वामी नाही. कट्ट्यावर आण्णा असतात. टाकाऊ सुताच्या वाती वळत बसतात. कुणाचं भांडण झालं, कुणाचं पोर रुसलं, की माणसं त्यांच्यापाशी येऊन बसतात. आण्णा फारसं बोलत नाहीत. चार इयत्ता शिकलेला माणूस, बोलून बोलून किती बोलणार.

प्रभा ह्याच गल्लीतली. लहानपणी आईबरोबर शेडमध्ये कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. आण्णांनीच तिच्या आईच्या मागं लागून तिला शाळेत घातलं होतं. ती नर्स झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि कोण म्हणून विचारणाऱ्याला एवढंच सांगितलं, "माझ्या शेडमधली आहे."

आता ती गावच्याच दवाखान्यात होती. गल्लीतल्या शाळा सुटलेल्या मुलामुलींना छातीच्या आजाराची माहिती द्यायची, असा एक कार्यक्रम तिनं स्वतः आखला होता. तक्ते स्वतः रंगवले. तोंडाला बांधायची फडकी स्वतः शिवली, कडेला नक्षीसुद्धा घातली.

पोरं आली. बिस्किटं खाल्ली. तक्ते बघितले. आणि प्रभानं फडकं तोंडाला बांधून दाखवलं, की हसली.

"प्रत्येक वेळी तिथंच हसतात," प्रभा म्हणाली. "आणि फडकी कुठं आहेत, ठाऊक आहे? बसू त्यानं मागाचं तेल पुसतो. हुसेनानं डोक्याला बांधलंय."

"नक्षी चांगली आहे," आण्णा म्हणाले. ते खरंच तसं म्हणत होते.

"चेष्टा नको, आण्णा. शुक्रवारी जिल्ह्याहून मोठ्या मॅडम बघायला येणार. पोरं तेव्हाही हसली, तर हा कार्यक्रम बंद. ते एक सोडा… हुसेनाच्या भावाला टीबीचं औषध सुरू झालंय. त्याच्या शेजारचा माग कुणाचा आहे?"

"बसूचा."

"मग? हसण्यासारखं काय आहे त्यात?"

आण्णांनी हातातली वात पूर्ण वळली. ती बाजूला ठेवली.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

आण्णा चालायलाही लागले होते.

शेडच्या दारातच खडखडाट अंगावर आला. हवेत सुताची पूड तरंगत होती. बसू चार मागांमधून फिरत होता. सतरा वर्षांचा, काटकुळा, मिशीची नुसती सावली. हुसेना कोपऱ्यात कांड्या भरत होती. दोघांनीही प्रभाला बघितलं आणि एकमेकांकडं बघून ओठ हलवले. शेडमध्ये माणसं अशीच बोलतात. आवाज चालत नाही, समोरच्याचे ओठ वाचायचे.

आण्णांनी प्रभाला खुणेनं सांगितलं, फडकं बांध.

प्रभानं बांधलं. ताठ उभी राहिली.

बसूच्या एका मागावरची कांडी संपली. त्यानं माग थांबवून धोटा काढला. आण्णांनी तो त्याच्या हातातून घेतला, प्रभाच्या हातात दिला, आणि मागाकडं बोट दाखवलं.

प्रभाचे डोळे चमकले. येत नाही असं वाटलं काय ह्यांना? तिनं रिकामी कांडी उडवली, भरलेली बसवली, सुताचं टोक भोकाशी नेलं. मग सवयीच्या हातानं फडकं हनुवटीखाली ओढलं, धोट्याला ओठ लावले…

धागा आला.

तिनं धोटा उंच धरला. विसरले नाही अजून, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं.

बसू हसत होता. हुसेनाही. प्रभानं फडकं पुन्हा वर घेतलं आणि चिडून काहीतरी विचारलं. हुसेनानं मान हलवली. फडक्याकडं बोट दाखवून ते खाली घे म्हणाली.

प्रभानं ते खाली घेतलं. "हसायला काय झालं?"

हुसेना ओठांनी सावकाश म्हणाली, "ताई, त्या धोट्याला आत्ता बसूचं तोंड लागलं होतं. बसूच्या आधी माझ्या भावाचं."

माग चालत राहिले.

प्रभा धोटा हातात घेऊन तशीच उभी होती. फडकं हनुवटीखाली लोंबत होतं. नक्षी चांगली दिसत होती.

चहाच्या वेळी सगळे शेडमागच्या लिंबाखाली बसले. प्रभानं चहाची बशी तशीच खाली ठेवली.

"हवेतून येतो तो आजार, खोकल्यातून," ती हळू म्हणाली. "म्हणून तर फडकं. पण ते धड अर्धा तास तोंडावर राहत नाही. धोटा ओढायचा तर काढा. बोलायचं तर काढा… आण्णा, मग मी शिकवू तरी काय?"

"मला विचारतेस?" आण्णा म्हणाले. "माझं तोंड जन्मभर उघडंच होतं."

आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

प्रभानं वाट बघितली. आण्णा गप्प म्हणजे गप्प. शेवटी ती पोरांकडं वळली.

"तुम्ही सांगा."

"आमी?" बसू दचकला. "आमी काय सांगनार, ताई? आमी नापास."

"कशात?"

"सगळ्यात," हुसेना म्हणाली. "ह्यो तर चित्रकलेत बी."

"तुझ्यापेक्षा बरी काढतो!"

"काढ की मग. ताईंच्या तक्त्यातला मानूस बघितलास का? खुर्चीवर बसून खोकतोय. आपल्या शेडमदे खुर्ची कुनाला हाय?"

बसूला ठसका लागला. प्रभालाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं. हा तक्ता तिचा सगळ्यात आवडता होता.

"बरं," ती म्हणाली. "तो माणूस काढून टाकू. पुढं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मोठी माणसं असं विचारतात, मग आपलंच खरं करतात, हे दोघांनाही पाठ होतं.

"खरंच आमचं ऐकनार?" हुसेनानं विचारलं.

"ऐकेन."

"पटलं न्हाई तरी?"

प्रभानं आण्णांकडं बघितलं. आण्णा लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते.

"…ऐकेन."

"आनि बिस्किटं क्रीमची," बसू म्हणाला.

तिथून रोज चहाच्या वेळी लिंबाखाली बैठक बसू लागली. आण्णा येऊन बुंध्याशी टेकायचे, वाती वळायचे.

धोट्याचा धागा ओढायला तारेचा आकडा करावा, ही गोष्ट आण्णांनीच काढली. त्यांच्या तरुणपणी एकानं केला होता.

"मग चालला का न्हाई?" बसूनं विचारलं.

"खिशात ठेवायचा तो. खिशातच राहिला."

"मंग खिशात कशाला? मानूस चार माग सांभाळतो, खिसा चाचपत बसंल?" बसू विचार करत राहिला. दुसऱ्या दिवशी मागातल्या मोडक्या तारेचा आकडा वळून, रंगीत सुताच्या गोफात ओवून, तो गळ्यात घालूनच आला. गोफ लाल-काळा, खाली गोंडा. हात गळ्याशी गेला की आकडा हातात.

"हां!" हुसेना म्हणाली. "आता कशी नवऱ्यामुलावानी शोभा आली."

"तुला करून देऊ?"

"हिरवा दे. गोंडा मोठा."

आण्णांनी तो आकडा हातात घेऊन पुन्हा पुन्हा फिरवला. "मला नव्हतं सुचलं," ते म्हणाले. शेजारून जाणाऱ्या माणसाला उगाच थांबवून दाखवला, "हे बघ. ह्या पोरानं केलंय."

मग बोलण्याचा प्रश्न आला. तोंड बांधलं तर ओठ कसे वाचायचे? प्रभानं मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतून खुणांचं एक पुस्तक आणलं. पोरांनी ते मन लावून बघितलं.

"चांगलं हाय," बसू म्हणाला. "पन दोन हात लागत्यात."

"मग?"

"ताई, मागावर एक हात कायम धाग्यावर असतो. खूण एका हाताची पायजे."

पुस्तक बाजूला राहिलं. करंगळी वाकडी केली, धागा तुटला. अंगठा कलता केला, चहा. मूठ उघडून मिटली, वीज जाणार. नाकाखाली आडवं बोट फिरवलं, की जॉबर आला. जॉबर शिवगोंडा म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि सगळ्यांवर ओरडणारा माणूस. त्याच्या मिशा गल्लीत प्रसिद्ध होत्या. ही खूण एका दुपारात सगळ्या शेडमध्ये पसरली. तिच्यासाठी तक्ता लागला नाही.

"झालं तर मग," प्रभा खूष होऊन म्हणाली. "आता मी ह्या खुणा मोठ्या काढते, आणि…"

"थांबा," हुसेना म्हणाली. "पहिली खूण ऱ्हायली."

मग ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"बोल की," बसू म्हणाला. ह्या वेळी त्यानं चेष्टा केली नाही.

"भाऊला दम लागायचा," हुसेना म्हणाली. "लई दिवस. तो कुनाला बोलला न्हाई. ओठानं बोललं की अक्की शेड वाचती. पोरं चिडवत्यात, मालक म्हनतो घरी बस. तो तसाच उभा ऱ्हायला… रगात पडलं तवा कळलं."

बसू पुढं सरकला.

"खूण बारकी पायजे," बसू म्हणाला. "शेजारच्यालाच दिसंल अशी. कमरेपाशी." त्यानं हात खाली सोडून दोन बोटं मांडीवर टेकवली. "दम लागलाय. माझा माग बघ. बास. इचारायचं न्हाई, हसायचं न्हाई."

"आनि हसला तर?"

"हसला तर त्याचा धागा मी तोडनार."

हुसेनानं तीच दोन बोटं आपल्या मांडीवर टेकवून बघितली. "ही पहिली शिकवायची," ती म्हणाली. "बाकीच्या मागनं."

प्रभानं आपल्या तक्त्यांकडं बघितलं. एकाही तक्त्यात हे नव्हतं. बैठक संपल्यावर तिनं तक्ते गुंडाळले आणि मठाच्या कोनाड्यात ठेवून दिले.

शुक्रवार आला.

प्रभाची इच्छा होती की कार्यक्रम मठात व्हावा. शांत जागा, सतरंजी, मॅडमना खुर्ची. पोरं म्हणाली, चालू शेडमध्ये.

"अरे, मॅडमना काय ऐकू येणार?"

"काय ऐकायचंय त्यांना?" हुसेना म्हणाली.

प्रभानं पुन्हा आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "ऐकेन म्हणाली होतीस."

मॅडम आल्या. उंच, दमलेल्या, कामाच्या बाई. दिवसभर भाषणं ऐकून आल्या होत्या. त्यांनी शेडच्या दारात कानांवर हात ठेवले. प्रभा पुढं व्हायला निघाली, तशी हुसेनानं तिला सुताच्या पोत्यावर बसवलं. स्वतः दुसऱ्या पोत्यावर चढली. तोंडाला नक्षीचं फडकं, गळ्यात हिरवा गोफ. सगळ्यांच्या तोंडाला फडकी होती. म्हातारे विणकरसुद्धा नवऱ्या मुलासारखे गोंडे लावून उभे.

हुसेनानं एक हात वर केला.

करंगळी. अंगठा. मूठ. शेडभर हात तसेच हलले, माग चालूच. नाकाखाली बोट फिरलं तेव्हा सगळे खांदे गदगदले. शिवगोंडा इकडंतिकडं बघत विचारत राहिला, काय रे, काय झालं? कुणीही सांगितलं नाही.

तेवढ्यात वीज गेली.

माग थांबले. छपराच्या काचेतून ऊन खाली येत होतं, त्यात सुताची पूड तरंगत होती.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता बोल बाळ, आता ऐकू येईल."

हुसेना बोलली नाही. तिनं हात कमरेपाशी सोडला आणि दोन बोटं मांडीवर टेकवली.

शेडच्या त्या टोकाला एक म्हातारा विणकर उभा होता. तीस वर्षं त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्याचा हात हळूहळू खाली आला. दोन बोटं मांडीवर टेकली… शेजारचा तरुण पुढं झाला, काही न विचारता त्याच्या मागाशी जाऊन उभा राहिला. म्हातारा खाली बसला. हसलं कुणी नाही.

मॅडमनी प्रभाला हळूच विचारलं, "हे काय होतं?"

प्रभानं सांगितलं.

मॅडमनी त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. "त्यांना आज दवाखान्यात आणा," त्या म्हणाल्या. मग, "कार्यक्रम फार वेगळा आहे. कुणी आखला?"

आण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हातातल्या वातीवरून नजर काढली नाही, पण हात थांबला.

किती रात्री जागून रंगवलेले तक्ते कोनाड्यात पडले होते. तिनं हुसेनाकडं बघितलं, बसूकडं बघितलं. मग मान ताठ केली.

"ह्यांनी," ती म्हणाली. "आमच्या शेडमधली आहेत."

आण्णांनी वात वळायला घेतली.

वीज जायच्या आधीच बसूची एक कांडी संपली होती. त्यानं नवीन बसवली, हात गळ्याशी नेला. आण्णांनी सवयीनं कान दिला.

तो आवाज आला नाही. लाकडावर तार लागल्याचं बारीक टिक् तेवढं झालं.

आपले कान गेले की काय, असं आण्णांना वाटलं. त्यांनी कानात बोट फिरवून बघितलं. मग बाहेर लिंबावर पाखरू ओरडलं, ते स्वच्छ ऐकू आलं.

कार्यक्रम बंद झाला नाही. शेजारच्या गल्लीतून बोलावणं आलं, मग तिच्या पलीकडच्या. बसू आणि हुसेना जायची, प्रभा त्यांच्यामागून औषधांची पिशवी घेऊन. हुसेनाचा भाऊ औषधानं सावरला, दारात बसून गोफ विणू लागला. त्याच्या गोफांना मागणी होती.

पुढं एका दुपारी प्रभा मठाच्या कट्ट्यावर आण्णांशेजारी टेकली होती. समोर एका शेडचं दार उघडं होतं. आत एक मुलगा माग चालवत होता. ना तिच्या ओळखीचा, ना आण्णांच्या. तोंडाला फडकं, गळ्यात निळा गोफ. पलीकडं कांड्या भरणाऱ्या मुलीला त्यानं खूण केली. बोटांची चिमूट केली, मनगटाशी फिरवली, आणि तळवा झटक्यात उलटा केला.

मुलगी डोळ्यांनी हसली. मान हलवून कामाला लागली.

प्रभा ताठ झाली. "हे काय होतं?"

आण्णा बघत होते.

"आपल्यात ही नव्हती," प्रभा म्हणाली. "बसूनं काढली? मला कसं नाही सांगितलं… ह्याचा अर्थ काय, आण्णा?"

आण्णांनी वाती बाजूला सारल्या. चिमूट केली, मनगटाशी फिरवली, तळवा उलटा केला. जमलं नाही. पुन्हा केली. वाकडी बोटं, सुताच्या घट्ट्यांची. तिसऱ्यांदाही जमली नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेढे वाटायच्या दिवशीचं हसू आलं.

"मला नाही येत," ते त्या मुलाकडं हनुवटीनं दाखवत म्हणाले. "आणि वस्तादांना विचारावं… तर ते तिकडं कांडी बदलतायत."

प्रभा त्या दाराकडं बघत राहिली. मग तिनं पदरावरची सुताची पूड झटकली, फडकं नाकावर ओढलं, आणि एक शब्दही न बोलता शेडकडं चालू लागली.